टेम्सचं गेट आणि चिपळूणचा जिना



लंडनच्या पूर्वेला, वूलिचजवळ टेम्स नदीत ती चकाकणारी टोपडी दिसतात ना, ते टेम्स बॅरिअर. मुलांची शाळेची सहल हमखास तिथे जाते. १९५३ च्या वादळी भरतीत इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ३०७ माणसं गेली, त्यानंतर हे बांधायचं ठरलं. रीतसर उद्घाटन झालं १९८४ मध्ये.

आज त्याच्याबद्दल बोलतेय, कारण आमच्या घरात गेले सहा महिने भांडण चालू होतं. माझं माहेर चिपळूणचं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं, आणि शहात्तर वर्षांची आई रात्रभर कौलांखालच्या माळ्यावर बसून होती. त्याआधी २००५ लाही हेच. मी म्हणत होते, मागच्या अंगणात कॉलम उभे करून वर एक खोली बांधू. दादा म्हणत होता, आठ लाख घालवायचे कशाला, पूर काय दरवर्षी येतो?

एमबीए केलेल्या बाईला असं विचारू नये. मी एक्सेल उघडलं.

वर जागा असती तर २०२१ ला दुकानाचा माल, फ्रिज, कपाटं मिळून साधारण १२ लाखांचं नुकसान टळलं असतं. असा पूर पंधरा वर्षांतून एकदा धरला, तर वर्षाला सरासरी ८० हजार. पुढची पंचवीस वर्षं हे ८० हजार वाचणार, पण त्यांची आजची किंमत किती? इथे व्याजदर आला. मी एफडीचे ७ टक्के धरले, तर सव्वानऊ लाख, म्हणजे बांधा. दादाने त्याच्या धंद्याच्या कर्जाचे १२ टक्के धरले, तर सव्वासहा लाख, म्हणजे नको. घर तेच, पूर तोच. आम्ही पाण्याबद्दल नाही, व्याजाबद्दल भांडत होतो! ब्रिटिश सरकार असल्या हिशेबात साडेतीन टक्के धरतं आणि तीस वर्षांपलीकडे तो दर आणखी उतरवतं, नाहीतर नातवंडांचं नुकसान आज शून्यच दिसेल.

मग उलटं विचारलं. दादाच्याच १२ टक्क्यांनी, पूर किती वर्षांनी आला तर खर्च वसूल? उत्तर आलं, साधारण बारा. पंधरा की बारा, हे दोन पुरांवरून छातीठोकपणे कोण सांगणार? दादा गप्प बसला.

टेम्सवाल्यांचीही अडचण हीच आहे. समुद्र किती चढेल याचा एकच आकडा कुणाकडे नाही. म्हणून २०१२ च्या त्यांच्या आराखड्यात एकाच आकड्यावर पैज लावलेली नाही. पाणी किती चढतंय ते मोजत राहायचं, दर दहा वर्षांनी आराखडा तपासायचा, आणि २०७० नंतर काय करायचं याचा निर्णय २०४० पर्यंत घ्यायचा. तोवर पुढचे पर्याय बंद होतील असं काही करायचं नाही. २०२३ च्या तपासणीत मध्य लंडनच्या काठच्या भिंती उंच करायची मुदत पंधरा वर्षं अलीकडे, २०५० वर आली. घाईही नाही आणि चालढकलही नाही. मला ही पद्धत फार आवडते. आपल्याकडे एकतर धरणच बांधतात नाहीतर पंचनामाच करतात.

आम्ही तेच केलं. खोली एकच, पण पाया दोन मजल्यांचा. त्याला साठ हजार जास्त लागतील. पुढे पाणी वाढलं तर वर आणखी चढवता येईल, नाही वाढलं तर तेवढेच गेले.

आईची माळ्यावरची ती रात्र मात्र एक्सेलच्या कुठल्याच रकान्यात बसली नाही. मी १२ लाखांत ती धरलेलीच नाही, आणि धरायचा प्रयत्नही केला नाही. व्हिडिओ कॉलवर इंजिनिअरचा नकाशा दाखवला, तेव्हा आईने एवढंच विचारलं, "जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा आहे ना गं?"

नव्हता. आता आहे. खर्च दादाने उचललाय.