वावड्याचा सांगावा

पुण्याहून पौडकडे जाणारा रस्ता चांदणी चौक ओलांडून भूगांव, पिरंगुट करीत मुळशीच्या डोंगरांकडे वळतो. पावसाळा सुरू होऊन महिना लोटला कीं या रस्त्याच्या दोन्ही कडा, पडीक शेतें, घरांमागचे उकिरडे आणि नव्या बांधकामासाठीं टाकलेले मातीचे ढीग एका झुडपानें भरून जातात. पानें गाजराच्या पाल्यासारखीं कातरलेलीं; फुलें लहान व पांढरीं. लोक त्याला गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवतही म्हणतात. वस्तुतः तें गवत नव्हेच. सूर्यफुलाच्या कुळांतली ती एक वनस्पति आहे. गुरें तिला सहसा तोंड लावीत नाहींत, हीच काय ती तिच्याविषयींची पहिली सूचना.

या झुडपाचें मूळ ठिकाण अमेरिका खंड. भारतांतली त्याची पहिली ठळक नोंद मात्र पुण्यांतली आहे. १९५५ सालीं तें येथील उकिरड्यांवर दिसलें आणि पुढच्या वर्षीं देशाला नवी वनस्पति म्हणून त्याची माहिती प्रसिद्ध झाली. त्याहून जुन्या नोंदी नंतर पुढें आल्या, ही गोष्ट निराळी. अमेरिकेच्या पी. एल. ४८० योजनेंतील गव्हाबरोबर तें आलें, असें घरोघर सांगितलें जातें. पण त्या योजनेचा भारताशीं पहिला करार ऑगस्ट १९५६ मधला, आणि गवत दिसलें त्याच्या आदल्या वर्षीं! तेव्हां निदान त्या कराराच्या माथीं हें खापर फोडतां येणार नाहीं. १९५१ सालच्या कर्जाऊ गव्हाविषयीं मात्र शंकेला जागा राहते.

पुढें वीस वर्षांच्या आंत त्वचेच्या डॉक्टरांकडे एका विशेष प्रकारचे रोगी येऊं लागले. बहुतेक पुरुष, आणि तेही उघड्यावर काम करणारे. पापण्या, चेहरा, मान, कोपराची आंतली बाजू या भागांवर लाली येई, पाणी सुटे, खाज रात्रभर झोपूं देत नसे. महिने आणि वर्षें गेलीं कीं कातडी जाड, काळसर व सुरकुतलेली होई. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनीं मिचेल व कॅल्नन या परदेशी सहकाऱ्यांसह या रोगाचें वर्णन १९७४ सालीं प्रसिद्ध केलें, आणि पुण्याचें नांव त्वचारोगाच्या ग्रंथांत या अप्रिय कारणानें कायमचें गेलें. दोषी ठरलें तें पार्थेनिन नांवाचें द्रव्य. झुडपाच्या अंगावरील सूक्ष्म लवेंत तें असतें; झुडूप वाळलें म्हणजे त्याची भुकटी वाऱ्याबरोबर उडते आणि उघड्या अंगावर बसते. पार्थेनिनचा रेणु फारच लहान आहे. कार्बनचे पंधरा अणु, आणि एकंदर भार २६२.

एवढ्याशा रेणूनें माणसाचा चेहरा ओळखूं येईनासा कसा होतो? येथूनच विषयाचा खरा भाग सुरू होतो. पार्थेनिन त्वचेंतील प्रथिनांना चिकटतें. तें चिकटलेलें प्रथिन शरीराला परकें वाटूं लागतें, आणि रक्तांतील श्वेतपेशींचा एक वर्ग त्याची ओळख मनांत धरून ठेवतो. या पहिल्या भेटीत बाहेर कांहींच दिसत नाहीं. पुढें केव्हां तरी तेंच द्रव्य पुन्हां अंगावर पडलें कीं दिवस-दोन दिवसांत त्या ठिकाणीं श्वेतपेशींची गर्दी होते. सूज, पाणी, खाज हें सारें त्या गर्दीचें काम आहे. याला मराठींत 'वावडें' हा साधा आणि नेमका शब्द आहे. परागकणांनीं मिनिटांत शिंका आणणारें वावडें याहून वेगळ्या जातीचें. त्यांत वेगळ्या पेशी व वेगळीं द्रव्यें काम करितात. पण दोहोंतही एक प्रश्न सारखाच आहे. रक्त सर्वांगांतून फिरतें. मग त्यांतल्या पेशींना पापणीपाशींच उतरावयाचें, हें कळतें कसें?

त्यांना सांगावा येतो. दाह झालेल्या जागेंतील पेशी कांहीं लहान प्रथिनें बाहेर सोडतात. तीं जवळच्या रक्तवाहिनीच्या आंतल्या भिंतीला चिकटून राहतात. वाहत जाणारी श्वेतपेशी तेथें रेंगाळते, सांगावा ऐकते, थांबते आणि भिंतींतून वाट काढून मांसांत शिरते. अशा पहिल्या कांहीं द्रव्यांपैकीं एकाची ओळख १९८७ च्या सुमारास पटली. १९९२ सालीं ऑस्ट्रियांतील बाडेन येथें भरलेल्या शास्त्रज्ञांच्या सभेंत या कुळाला 'केमोकाइन' हें नांव मिळालें. आज मनुष्याच्या शरीरांतलीं असलीं सुमारें पन्नास द्रव्यें ठाऊक आहेत. तीं ऐकण्यासाठीं पेशीच्या अंगावर जी जागा असते तिला शास्त्रांत 'ग्राही' म्हणतात. येथें तिला पेशीचा कान म्हणणें सोयीचें. असे कान सुमारें वीस. प्रत्येक कान म्हणजे प्रथिनाचा एक लांब धागा, पेशीच्या पातळ आवरणांतून सात वेळां आंतबाहेर ओवलेला.

पन्नास सांगावे आणि वीस कान, या हिशेबांतच पुढील सारी अडचण दडलेली आहे. एक कान अनेक सांगावे ऐकतो आणि एक सांगावा अनेक कानांना पोंचतो.

कानांत बोळा घातला तर सांगावा ऐकूं येणार नाहीं आणि पेशी जागच्या जागीं वाहत निघून जाईल, ही कल्पना मोठी मोहक होती. बोळा म्हणजे एक लहान रेणु, भार पांचशेंच्या आसपास, गोळी करून गिळतां येण्याजोगा. केमोकाइन स्वतः याच्या पंधरा-वीस पट जड असतें. एवढ्या मोठ्या प्रथिनाला लहान रेणूनें अडवावें कसें? तर हा बोळा बहुधा कानाच्या पाळीवर बसत नाहीं; सात वेळां ओवलेल्या धाग्यांच्या मधल्या खोबणींत तो खोल जाऊन रुततो, आणि कानाचा आकारच ताठरून जातो. मॅराव्हिरॉक नांवाचा रेणु असा रुतलेला २०१३ सालीं स्फटिकाच्या अभ्यासांतून प्रत्यक्ष दिसला. असे रेणु शोधण्यासाठीं हजारों, लाखों पदार्थ आधीं चाळावे लागतात, आणि एखादा हातीं लागला कीं रसायनज्ञ त्याचा एकेक अवयव बदलून शेंकडों भावंडें तयार करितात. नव्या औषधांच्या रेणूंचें हें किचकट काम पौडकरांना दूरचें वाटूं नये. त्यांच्याच मुळशी तालुक्यांत, नांदे गांवीं, लुपिन कंपनीचें मोठें संशोधन केंद्र आहे.

बोळ्यांना यश आलें तें दोन ठिकाणीं, आणि दोन्ही ठिकाणें वावड्याच्या वाटेवरचीं नव्हेत. १९९६ सालीं असें उघड झालें कीं एड्सचा विषाणु पेशींत शिरतांना सी.सी.आर. ५ या कानाचा दरवाजासारखा उपयोग करितो. ज्यांच्या अंगांत हा कान जन्मतःच तयार होत नाहीं असे कांहीं लोक, विशेषतः युरोपीय वंशाचे, या विषाणूपासून बहुतांशी सुरक्षित राहतात. म्हणजे त्या कानावांचून माणसाचें फारसें अडत नाहीं. मॅराव्हिरॉक हें त्या कानाचें औषध २००७ सालीं मान्य झालें. दुसरें औषध प्लेरिक्साफोर. तेंही विषाणूसाठींच पुढें केलें होतें. पण तें घेणाऱ्यांच्या रक्तांत श्वेतपेशींची संख्या अकस्मात् वाढलेली दिसली. हाडांच्या मगजांत मूळ पेशींना धरून ठेवणारा सांगावा त्यानें बंद पाडला होता! २००८ पासून तें मगजाच्या रोपणापूर्वीं मूळ पेशी रक्तांत उतरविण्यासाठीं वापरतात. दोन्ही ठिकाणीं काम एकाच कानावर अवलंबून होतें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दम्याच्या बाबतींत आशा याहून मोठी होती. दम्याच्या पुष्कळ रोग्यांच्या फुप्फुसांत इओसिनोफिल नांवाच्या पेशी जमतात. त्यांना बोलावणारें इओटॅक्सिन १९९४ सालीं लंडनच्या शास्त्रज्ञांनीं गिनीपिगच्या फुप्फुसांतून वेगळें केलें. तें ऐकणारा सी.सी.आर. ३ हा कान दोन वर्षांत सांपडला. एक सांगावा, एक कान, एक रोग, इतकें सरळ गणित क्वचितच मिळतें. पण त्या कानाचें औषध दम्याच्या रोग्यांना देऊन पाहिलें, तेव्हां कफांतील इओसिनोफिलची संख्या कमी झाली नाहीं. हा निष्कर्ष २०१४ सालीं प्रसिद्ध झाला. संधिवातावर सी.सी.आर. १ आणि आंतड्याच्या दाहावर सी.सी.आर. ९ यांच्या बोळ्यांचीही अशीच निराशा झाली.

असें कां व्हावें? गाजरगवताच्या रोग्याला जवळचें उत्तर २००१ सालच्या एका उंदरांवरील प्रयोगांत मिळतें. त्वचेकडे जाणाऱ्या श्वेतपेशींना सी.सी.आर. ४ हा कान असतो. तो जन्मतःच नसलेल्या उंदरांच्या पेशीही दाह झालेल्या त्वचेंत सुखानें पोंचल्या. नेहमींच्या उंदरांत त्वचेचा दुसरा एक सांगावा, सी.सी.एल. २७, अडवून पाहिला; तरीही पेशी पोंचल्या. मग कान नाहीं आणि दुसरा सांगावाही अडविला, असें दोन्ही एकदम केलें, तेव्हां कोठें गर्दी थांबली. त्वचेला दोन वाटा आहेत आणि एक बंद झाली तर दुसरी पुरेशी होते. शरीराच्या बाजूनें पाहिलें तर ही व्यवस्था शहाणपणाचीच. एका सांगाव्यावर सारा बंदोबस्त सोंपविला असता तर जखमेंतील जंतूंनीं केव्हांच डाव साधला असता.

दुसरेंही एक कारण सांगण्यांत येतें, आणि तें तितकेंच विचार करण्यासारखें आहे. दहांतले आठ कान बंद केले तरी उरलेल्या दोहोंवर पेशीचें भागतें. म्हणून औषध दिवसरात्र जवळजवळ सर्व कान बंद ठेवण्याइतकें द्यावें लागतें, आणि फसलेल्या कित्येक प्रयोगांत तेवढें तें दिलेंच गेलें नव्हतें, असें कांहीं शास्त्रज्ञांचें म्हणणें आहे. शिवाय माणसाच्या कानांत घट्ट बसणारा बोळा उंदराच्या कानांत अनेकदां सैल पडतो. त्यामुळें उंदरावर दिसलेल्या गुणाचा किंवा अपयशाचा अर्थ लावतांना फार जपावें लागतें.

म्हणून या रेणूंची खरी योग्यता आजवर औषधापेक्षां प्रश्न विचारण्याचें साधन म्हणून अधिक दिसून आली आहे. बॉयडेन यांनीं १९६२ सालीं सुचविलेली एक साधी कुपी असते. मध्यें सूक्ष्म छिद्रांचा पडदा, वर श्वेतपेशी, खालीं सांगाव्याचें द्रव्य. कांहीं वेळानें किती पेशी पडद्यांतून खालीं उतरल्या तें मोजावयाचें. आतां त्यांत एका ठराविक कानाचा बोळा घातला आणि उतरणें थांबलें, तर पेशी त्याच कानानें ऐकत होती हें सिद्ध झालें; थांबलें नाहीं तर दुसरा कान शोधावयाचा. २००० सालीं लंडनमध्यें एकाच रेणूनें सी.सी.आर. १ व सी.सी.आर. ३ हे दोन्ही कान बंद होतात असें दाखविण्यांत आलें, तेव्हां इओसिनोफिलला नेमका कोणता सांगावा कोणत्या कानानें पोंचतो हें तपासणें पुष्कळ सुकर झालें.

त्वचेच्या वावड्यासाठीं सी.सी.आर. ४ चा एक बोळा अगदीं अलीकडे माणसांपर्यंत पोंचला होता. झेलनेसिर्नॉन हें त्याचें नांव. इसबाच्या एका जुनाट प्रकारावर २०२१ सालच्या छोट्या चांचणींत त्याचा गुण दिसला आणि मोठ्या चांचण्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०२४ मध्यें एका रोग्याचें यकृत निकामी झालें. अमेरिकेच्या औषध खात्यानें चांचण्या थांबविल्या, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कंपनीनें हें औषध सोडून दिलें. दोष त्या कानाला बंद करण्यांत होता कीं त्या एका रेणूच्या घडणींत होता, हा प्रश्न सोडविल्यावांचून पुढचा बोळा माणसाला देतां येणार नाहीं. उतावीळ होऊन यंत्रणेला दोष देणारे पुष्कळ भेटतात; पण एका यकृताच्या मोबदल्यांत खाज थांबविणें हा सौदा कोणत्याही वैद्यानें करूं नये.

तोंपर्यंत मुळशींतल्या शेतमजुराला काय मिळतें? स्टेरॉइडचीं मलमें, आणि रोग पसरला असेल तर ॲझाथायोप्रिनच्या गोळ्या. त्या सर्वच पेशींचें बळ कमी करितात, म्हणून रक्ताची वारंवार तपासणी करून त्या द्याव्या लागतात. कोणताही उपाय चालू असला तरी झुडपाची संगत सुटली नाहीं तर रोग उलटतो, आणि ज्याचें पोट उघड्या रानावर आहे त्याला ती सुटणें कठीण. मेक्सिकोहून १९८३ सालीं बंगळूरला एक भुंगेरा आणवून पुढच्या वर्षीं रानांत सोडण्यांत आला. पावसाळ्यांत तो गाजरगवताचीं पानें आवडीनें खातो, पण कोरड्या दिवसांत जमिनींत झोपून राहतो. झुडूप उपटावयाचें तें फुलें येण्यापूर्वीं, जमीन ओली असतांना, हातमोजे घालून व तोंडाला फडकें बांधून. आणि ज्याला एकदां वावडें झालें आहे त्याला त्या कामास लावूं नये.