चौकातल्या ताई आणि आपलं गेट

(महिला दिनाच्या कार्यक्रमात सोसायटीच्या आवारात केलेले भाषण)



महिला दिनाला मोठमोठ्या स्त्रियांची नावं घेण्याची पद्धत आहे. मी मात्र आज आपल्या कोपऱ्यावरच्या चौकात उभ्या असणाऱ्या ट्रॅफिकच्या ताईंबद्दल बोलणार आहे.

लातूरच्या गर्दीचं तुम्हाला काय सांगायचं! आपल्या गंजगोलाईची इमारत १९१७ सालची. तिला सोळा रस्ते येऊन मिळतात. तेव्हा त्यांवर बैलगाड्या होत्या. आज ऑटो, टेम्पो, हातगाडे आहेत. क्लासेस सुटले की ट्युशन एरियात पाय ठेवायला जागा नसते. नांदेडला वजिराबादेत हीच तऱ्हा. नोकरीत असताना मी तिथे बरीच वर्षं काढली, पण त्या काळी चौकात शिट्टी वाजवणारी बाई पाहिल्याचं मला आठवत नाही. १९९४ च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकरीत महिलांना ३० टक्के आरक्षण आलं, तशा खाकीतही मुली दिसू लागल्या. जानेवारी २०२२ मध्ये महिला पोलिसांची ड्युटी बारा तासांवरून आठ तासांवर आणण्याचा आदेश निघाला. चांगलंच झालं. पण मे महिन्याच्या उन्हात, धुरात, आठ तास तरी काय कमी आहेत?

आता माझी एक चूक सांगतो. मी सेक्रेटरी असताना नियम केला होता की, बाहेरच्या माणसाला गेटच्या आत सोडायचं नाही. चोऱ्या होत होत्या, म्हणून केला. एके दिवशी दुपारी मी खाली उतरलो, तर त्या ताई वॉचमनला विचारत होत्या, "दादा, पाच मिनिटं बाथरूमला जाऊ देता का?" वॉचमन म्हणाला, "ताई, सेक्रेटरी साहेबांचा नियम आहे." त्या काही न बोलता परत चौकात गेल्या. मी तिथंच उभा होतो, तरी तोंडातून शब्द फुटला नाही.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "दिवसभर त्या पाणी पीत नसतील हो. प्यायलं की जावं लागतं." हा हिशेब माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. आणि यायला हवा होता! आमच्या शाखेत पहिल्यांदा महिला क्लार्क आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी वेगळी सोय नव्हती; त्या शेजारच्या घरी जायच्या. आम्ही पुरुष रोज पाहत होतो, पण वरच्या ऑफिसला एक पत्र काही लिहिलं नाही. म्हणजे तीच चूक मी दोनदा केली.

त्या ताई आपल्या नातवंडांना हात धरून रस्ता ओलांडून देतात. आपण मात्र उलट्या बाजूने गाडी घालतो आणि अडवलं की "ओळखलं नाही का?" म्हणतो. हेल्मेट न घालता निघालो, म्हणून एकदा मलाही त्यांनी थांबवलं होतं. "काका, घरी वाट बघतात ना?" एवढंच म्हणाल्या. तेव्हापासून हेल्मेट सुटलं नाही.

म्हणून या रौप्यमहोत्सवी वर्षात सभेपुढे माझी एकच सूचना आहे. वॉचमनच्या खोलीशेजारचं बाथरूम दुरुस्त करावं, आतून कडी बसवावी आणि ड्युटीवरच्या महिला पोलिसांसाठी ते उघडं ठेवावं. शेजारी पाण्याचा माठ भरावा. पहिला खर्च माझ्याकडे. वहीत नोंद ठेवली, की सुरक्षेचाही प्रश्न राहत नाही.

नियम मी केला होता. तो बदलायची विनंतीही मीच करतो आहे.

जय हिंद, जय महाराष्ट्र!