रेशन दुकानातल्या आजींचा प्रश्न

बरेच जण विचारतात, "ताई, 'डेटा गव्हर्नन्समध्ये रिसर्च' म्हणजे तू नेमकं करतेस काय?" तर आज त्याबद्दलच बोलते.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या एका गावात माझा पहिला सर्व्हे होता. काम साधं होतं. दिवसभर रेशन दुकानात बसायचं. ई-पॉस मशीनवर कुणाचा अंगठा लागतो, कुणाचा नाही, नेट कधी जातं, रिकामी पिशवी घेऊन कोण परत जातं, ते लिहायचं. शेतात राबून बोटांच्या रेषा झिजतात, हे मला तिथे कळलं.

एका आजींचा अंगठा तीनदा लागला नाही. मी पटकन त्यांच्या रेशन कार्डाचा फोटो काढला. आजी म्हणाल्या, "पोरी, त्या मशीनमध्ये माझं नाव आहे, तरी धान्य मिळत नाही. आता तुझ्या मोबाइलमध्येही नाव गेलं. तू काय देणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिजिटल पाळतीवर निबंध लिहिणारी मी, त्यांना न विचारताच फोटो काढला होता! रात्री तपासलं, तर असे सगळे फोटो आमच्या शेअर्ड फोल्डरमध्ये होते. लिंक असलेल्या कुणालाही दिसतील असे. मी ऑफिसमध्ये हट्ट धरला, तेव्हा ते डिलीट झाले. पुढचं कॉन्ट्रॅक्ट मात्र मला मिळालं नाही.

या क्षेत्रात यायला कोडिंगच यावं लागतं असं नाही. रीतिका खेरा अर्थशास्त्रज्ञ आहेत, उषा रामनाथन कायद्याच्या अभ्यासक. दोघींनी आधारवर वर्षानुवर्षं काम केलंय. २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं. त्या चर्चेमागे अशा अनेकांची मेहनत आहे.

आणि हा विषय गावापुरता नाही बरं का. बंगळुरूत तयार झालेलं 'मोसिप' हे ओळख-प्रणालीचं सॉफ्टवेअर फिलिपिन्स आणि मोरोक्कोनेही घेतलं. जागतिक बँकेचाही डिजिटल ओळखीसाठी वेगळा कार्यक्रम आहे. म्हणून नोकरी घेताना एक विचारा: जिचा अभ्यास करायचाय त्या यंत्रणेला पैसा देणारा आणि आपल्या अभ्यासाला पैसा देणारा एकच तर नाही ना? असला तरी काम करता येतं, पण माहीत असलेलं बरं.

२०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला काही अटींवर सूट आहे. कायद्याने सूट दिली, तरी आजींनी कुठे दिलीय? आता मी आधी विचारते, नाव न लिहिता काम भागतं का ते बघते, आणि मगच वही उघडते.

तुमच्याकडे कुणाचा अंगठा लागत नाही का? कळवा. फक्त कार्डाचा फोटो पाठवू नका!