जठराच्या शस्त्रक्रियेनंतर : घटलेले वजन आणि जगण्याचा दर्जा

(सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा मजकूर)



जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन घरी परतलेल्या माणसाला भेटायला जाणारी मंडळी बहुधा उंबऱ्यातच म्हणतात, ‘अरेरे, किती वाळलात हो!’ बोलणाऱ्याच्या मनात मायाच असते. ऐकणारा मात्र पाहुणे गेल्यावर पुन्हा वजनकाट्यावर उभा राहतो, उतरलेला आकडा पाहतो आणि आजार परतला की काय, या शंकेने रात्रभर तळमळतो. त्या आकड्याचा खरा अर्थ काय, एवढेच आजच्या विषयाचे प्रयोजन आहे.

जठराविना माणूस जगू शकतो, हे वैद्यकशास्त्राला कळून सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. सन 1881 च्या जानेवारीत व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ या शल्यविशारदांनी कर्करोगाने ग्रासलेला जठराचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया प्रथम यशस्वी केली. ती रुग्ण स्त्री पुढे सुमारे चार महिने जगली. सन 1897 मध्ये झुरिच येथे कार्ल श्लाटर यांनी रेशमाच्या कामावर उपजीविका करणाऱ्या 56 वर्षांच्या एका स्त्रीचे संपूर्ण जठर काढून अन्नमार्ग थेट लहान आतड्याला जोडला. ती बाई खाऊपिऊ लागली, तिचे वजन थोडे वाढलेही, आणि ती वर्षाहून अधिक काळ जगली. आता तर जठराच्या कर्करोगाचा आनुवंशिक दोष असलेल्या कुटुंबांतील काही निरोगी माणसे खबरदारी म्हणून जठर काढून घेतात आणि आपापला कामधंदा करतात. हा दोष 1998 मध्ये न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबाच्या अभ्यासातून उमगला.

आता वजनाचा हिशेब पाहू. संपूर्ण जठर काढल्यानंतर पहिल्या वर्षात मूळ वजनाच्या साधारण 15 ते 20 टक्के घट होणे नेहमीचे आहे. जठराचा केवळ खालचा भाग काढला असेल तर ही घट 10 टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे शस्त्रक्रियेपूर्वी 64 किलो भरणारे गृहस्थ 51 ते 54 किलोवर येतील. ही घट मुख्यतः पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, नंतर काटा स्थिरावतो आणि पूर्वीच्या आकड्यावर सहसा परतत नाही. हे आधी ठाऊक नसेल तर घरातील माणसे त्या 64 किलोचा पाठलाग करीत राहतात. रुग्णाला न सोसणारे तूप-साखरेचे पदार्थ भरविले जातात, त्याचा त्रास वाढतो आणि सर्वांच्याच पदरी निराशा येते.

घट का होते? अन्न साठविण्याची पिशवीच गेली, म्हणून चार घासांत पोट भरते. शिवाय भूक जागविणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक प्रामुख्याने जठरातच तयार होते. जपानी शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये ते शोधून काढले. जठराबरोबर तेही बरेचसे जाते. ‘भूक लागली की मागतील’ म्हणून थांबणाऱ्या गृहिणीने हे ध्यानी ठेवावे, कारण अशा माणसाला भूक फारशी लागतच नाही. त्याने घड्याळाकडे पाहून जेवायचे असते. तिसरे असे की, गोड किंवा पातळ अन्न आतड्यात एकदम उतरते. मग दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ सुरू होते, तर कधी एक ते तीन तासांनी रक्तातील साखर उतरून हातपाय कापू लागतात. आग्रहाने वाढलेली एक जिलेबी अशा माणसाची सारी दुपार वाया घालविते. आपल्या पंगतींतील आग्रहाविषयी एरवीही पुष्कळ बोलता येईल. रुग्णापुरता तरी तो थांबावा.

घटलेल्या वजनात चरबीही असते आणि स्नायूही. व्यापारी भाषेत सांगायचे तर चरबी ही शिल्लक आणि स्नायू हे भांडवल. शिल्लक खर्ची पडली तरी पेढी चालते. भांडवल आटले की जिना चढवत नाही, तोल जातो आणि शस्त्रक्रियेनंतरची औषधे पूर्ण करणेही जड जाते. म्हणून रोजचे चालणे आणि प्रथिने यांना पर्याय नाही. साधारणपणे वजनाच्या दर किलोमागे एक ते दीड ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे 54 किलोच्या माणसाला 54 ते 81 ग्रॅम. शाकाहारात ती सहज मिळत नाहीत, मुद्दाम जमवावी लागतात. मूगडाळीचे धिरडे, ताजे पनीर, दही, शेंगदाण्याचे कूट घातलेली मऊ खिचडी यांतून ती जमतात. दूध न सोसल्यास दही-ताक बहुधा सोसते. घास चांगला चावावा आणि पाणी जेवणाबरोबर न पिता अर्ध्या तासाच्या अंतराने प्यावे.

येथे आपल्या समाजापुढचा नाजूक प्रश्न येतो. दिवसातून सहा ते आठ वेळा खा, असे डॉक्टर सांगतात, आणि रुग्णाने तर आयुष्यभर रात्रिभोजनत्याग पाळलेला असतो. नियम मोडल्याचे शल्य त्याला वजनापेक्षाही अधिक बोचते. पण हिशेब मांडून पाहावा. सकाळी साडेसातला पहिला अल्पाहार घेतला आणि दर दीड तासाने थोडेथोडे खाल्ले, तर साडेचारपर्यंत सात वेळा खाणे होते. हिवाळ्यातही सूर्यास्तापूर्वी आठवे उरकता येते. निजण्याच्या बरेच आधी जेवण आटोपणे हे घशाशी कडू पित्त येऊ नये म्हणूनही हिताचेच आहे. पाण्याची गोष्ट मात्र वेगळी. पहिल्या काही महिन्यांत रात्री पाणी अजिबात वर्ज्य केले तर शरीर कोरडे पडते. आणि डॉक्टरांनी रात्री पोषक पेय सांगितले असेल तर त्यात कसूर करू नये.

एकाशन आणि उपवास यांची गोष्ट याहून कठीण. दशलक्षण पर्वात घरातील सारे व्रतस्थ असताना आपणच दर दीड तासाने खातो, या संकोचाने रुग्ण गुपचूप उपवास करू पाहतो. त्याला कोणी अडवीत नाही. उलट कौतुक होते. ते कौतुक महागात पडते. सोळाकारण भावनांत त्याग आणि तप या दोहोंच्या मागे ‘शक्तितः’ हा शब्द जोडलेला आहे, तो विनाकारण नव्हे. बाह्य तपांत अनशनाच्या पाठोपाठ अवमौदर्य येते, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणे. ज्याच्या पोटात दहा घासांहून अधिक मावत नाही त्याने कोणते तप स्वीकारावे, हे त्याने महाराजांच्या चरणी बसून, डॉक्टरांचा कागद पुढे ठेवून विचारावे. घरच्यांसाठी तर अंतरंग तपांतील वैयावृत्त्य समोरच वाढून ठेवलेले आहे.

आणखी एक गोष्ट शाकाहारी समाजाने विशेष जपावी. ब-12 जीवनसत्त्व शोषून घेण्यास लागणारे द्रव्य जठरातच तयार होते. संपूर्ण जठर गेल्यावर अन्नातील ब-12 अंगी लागत नाही. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून उणीव उशिरा कळते. पण शाकाहारी माणसाचा साठा मुळातच तोकडा असण्याचा संभव अधिक. पायांना मुंग्या, विसराळूपणा, पांढुरका चेहरा ही वयाची लक्षणे समजून सोडून दिली जातात. डॉक्टरांनी ठरविलेली इंजेक्शने जन्मभर घ्यावी लागतात. हे जीवनसत्त्व कारखान्यात सूक्ष्मजीवांकडून तयार करून घेतात, ते मांसातून काढलेले नसते, एवढे शंका घेणाऱ्यांस सांगावे. लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व यांचीही तपासणी करावी.

मग जगण्याचा दर्जा मोजायचा कसा? युरोपातील कर्करोग संशोधन संघटनेने जठराच्या रुग्णांसाठी 22 प्रश्नांची स्वतंत्र प्रश्नावली केली आहे. तीत गिळणे, दुखणे, खाण्यावरील बंधने यांबरोबरच वजन कमी झाल्याची चिंता आणि शरीराच्या बदललेल्या रूपाविषयीचे शल्यही विचारले जाते. अशा अभ्यासांतून असे दिसते की, पहिले काही महिने दर्जा बराच खालावतो. पण सहा महिने ते वर्षभरात पुष्कळ रुग्णांची झोप, उत्साह, उठबस पूर्ववत होऊ लागते, आणि ते वजन तसेच कमी असताना. पूर्वीचे किलो परतले नाहीत म्हणून पूर्वीचे जगणे परतणार नाही, असे नाही. मात्र काही महिने स्थिर राहिलेले वजन पुन्हा उतरू लागले, घास अडकू लागला किंवा उलट्या सुरू झाल्या, तर घरगुती उपाय न करता त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या दिवशी, सकाळी वजन करून वहीत लिहावे. रोज काट्यावर चढू नये. आणि कपडे शिंप्याकडून आटवून घ्यावेत. जुन्या मापाचा, खांद्यावरून ओघळणारा सदरा अंगात असला की धट्टाकट्टा माणूसही आजारी दिसतो. नव्या मापाचे दोन सदरे शिवले की भेटायला येणाऱ्यांच्या तोंडचे ते पहिले वाक्यही बदलते.

जय जिनेंद्र!