बाधित माता आणि तिचे बाळ



वर्धा जिल्ह्यास मातृसेवेची थोर परंपरा लाभली आहे. डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि १९६९ मध्ये त्याच्या जोडीने वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्या परंपरेला साजेसे एक काम आज गावोगावी करावयाचे आहे. ते म्हणजे हेपॅटायटिस-सी या यकृताच्या आजाराविषयीची अनाठायी भीती घालविण्याचे.

हा विषाणू रक्तावाटे पसरतो. एका ताटात जेवल्याने किंवा बाळास कुशीत घेतल्याने नव्हे. बाधित मातांच्या १०० बाळांपैकी सुमारे ५ ते ६ बाळांनाच गर्भात वा प्रसूतिसमयी लागण होते. मातेस एचआयव्हीचीही बाधा असल्यास हे प्रमाण वाढते. तेव्हा भीतीपोटी बाळाचे अंगावरचे दूध तोडणे हा दोघांवरही अन्याय होय. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल तेवढ्यापुरतेच स्तनपान थांबवावे.

मातेची प्रतिद्रव्ये बाळाच्या रक्तात काही महिने राहतात. म्हणून त्यांची तपासणी १८ महिन्यांनंतर करावी. या आजारावर लस नाही. परंतु बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी १०० पैकी ९५ रुग्ण बरे होतात. २०१८ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार विनामूल्य आहेत. गर्भारपणात मात्र ही औषधे सहसा देत नाहीत. म्हणून तपासणी व उपचार गर्भधारणेपूर्वीच व्हावेत.

सरपंच, शिक्षक आणि आशा कार्यकर्त्या यांनी अशा मातेचे नाव गुप्त राखावे, तिला रुग्णालयाची वाट दाखवावी आणि तिचे बाळ तिच्याच कुशीत राहील हे पाहावे.