थंडीच्या मुलखातले धर्मानंद

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला 'परदेशातील धम्मप्रचार' हा विषय दिला. आम्ही पडलो सूतगिरणीतले कामगार. शाळा नववीपर्यंत, पासपोर्ट अजून काढलेला नाही. परदेश आम्ही पाहिला तो पुस्तकात, आणि पुस्तके वाचली ती दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात. तेव्हा सगळ्या जगाचा धम्मप्रचार आम्ही सांगू शकणार नाही. एका माणसाबद्दल बोलतो. मराठी माणूस होता, आणि आमच्या आत्ताच्या वयाचा असताना बर्फाच्या मुलखात जाऊन बुद्धाची भाषा शिकवत होता. आचार्य धर्मानंद कोसंबी.

धम्मप्रचारक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे महेंद्र आणि संघमित्रा येतात. बोधिवृक्षाची फांदी, समोर राजा, वाजतगाजत स्वागत. पण महावंसात पाहा, तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी जे धर्मदूत पाठवले त्यांत मज्झिम थेर हिमवंत प्रदेशात गेले, आणि महाधम्मरक्खित थेर आपल्या महाराष्ट्रात आले. म्हणजे एके काळी परका मुलूख आपला होता आणि पाहुणा प्रचारक आपल्या दारात उभा होता. हिमालयात गेलेल्या मज्झिम थेरांनी थंडीत दिवस कसे काढले असतील, पायांत काय घातले असेल, हे कोणी फारसे विचारत नाही.

बुद्धाने मात्र विचारले होते. विनयपिटकाच्या महावग्गात गोष्ट आहे. वैशालीला असताना हिवाळ्यात, हिम पडत होते तेव्हा, भगवंत रात्री उघड्यावर एका चीवरात बसले. पहिला प्रहर संपला, थंडी वाजली, दुसरे चीवर घेतले. मग तिसरे. पहाटे चौथे घेतले. असे स्वतःच्या अंगावर बघून त्यांनी ठरवले की भिक्षूला तीन चीवरे पुरतील, पण त्यांतली संघाटी दुपदरी असावी. तसेच अवंतीचे सोण कुटिकण्ण आले आणि म्हणाले की आमच्याकडे जमीन काळी, खडबडीत, गाई-गुरांच्या खुरांनी तुडवलेली, तर त्या सीमेवरच्या मुलखासाठी जाड तळव्याच्या पादत्राणांची सवलत दिली. काळी, खडबडीत जमीन म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. धम्माने कुणाला उगीच कुडकुडत बसायला सांगितलेले नाही, एवढे यावरून दिसते.

आता धर्मानंद. जन्म ९ ऑक्टोबर १८७६, गोव्यातले साखवाळ गाव. लहान वयात लग्न झाले, घरी नारळाच्या बागांचे काम. बुद्धाचे चरित्र कुठेतरी वाचनात आले आणि तेव्हापासून चैन पडेना. १८९९ अखेर घर सोडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ, आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीप. तिथे सुमंगलाचार्यांच्या विद्योदय विद्यालयात पाली शिकले, चीवर घेतले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. १९०६ च्या सुमारास परत गृहस्थवेशात आले. कलकत्त्यातली मोठ्या पगाराची जागा सोडून बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे महिना ५० रुपयांचे वेतन पत्करले, कारण त्यात अट होती ती महाराष्ट्रात राहून काम करण्याची. माणसाची ओढ कुठे होती ते यावरून कळते.

इथे मागे कोणी तरी कुजबुजतो आहे, आम्हाला ऐकू येते. कोसंबी सारस्वत ब्राह्मण, गांधींजवळचे, मग विहाराच्या कार्यक्रमात त्यांचे नाव कशाला? प्रश्न बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे. आम्ही उत्तर एवढेच देतो. आपण दर वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' वाचतो. त्यात सिद्धार्थाने घर सोडले ते म्हातारा, आजारी आणि प्रेत बघून नव्हे, तर रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचे भांडण पेटले म्हणून. पाली ग्रंथांच्या आधारे जुनी गोष्ट बाजूला सारून हे भांडण मराठीत पुढे आणले ते कोसंबींनी, १९४०-४१ च्या आपल्या 'भगवान बुद्ध' ग्रंथात. बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ चा. माणसाची जात बघावी की त्याने कोणत्या पानावर बोट ठेवले ते बघावे, हे तुम्ही ठरवा. गांधींविषयी आमचे मत आम्ही बदललेले नाही.

तर १९१० साली धर्मानंद आगबोटीने अमेरिकेला गेले. वय ३३. बॉस्टनजवळ हार्वर्ड विद्यापीठ. हेन्री क्लार्क वॉरन नावाचे विद्वान होते, लहानपणी गाडीतून पडून पाठ कायमची अधू झालेली. त्यांनी बुद्धघोषांच्या विसुद्धिमग्गाचे संपादन सुरू केले आणि १८९९ मध्ये ते वारले. काम अर्धवट राहिले. ते पुरे करायला पाली जाणणारा माणूस हवा होता, म्हणून कोसंबींना बोलावले.

हे काम म्हणजे काय? विसुद्धिमग्ग हा २३ परिच्छेदांचा ग्रंथ, शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने लिहिलेला. त्याच्या ताडपत्राच्या पोथ्या काही ब्रह्मी लिपीतल्या, काही सिंहली लिपीतल्या. ब्रह्मी म्हणजे आपल्या लेण्यांतली ब्राह्मी नव्हे, ब्रह्मदेशातली गोल अक्षरे. दोन्ही समोर ठेवायच्या, ओळीने ओळ ताडून बघायची. एका पोथीत एक शब्द, दुसरीत वेगळा. नक्कल करणाऱ्याचा हात चुकला की मूळच तसे? मग दुसऱ्या ग्रंथात तो शब्द कुठे आला आहे ते शोधायचे. असे दिवसात किती होणार! सुताच्या खात्यात धागा तुटला की कामगार तो शोधतो, बोटांनी सांधतो, आणि पुढच्या तुटीकडे जातो. सांधलेले कुणाला दिसत नाही, न सांधलेले लगेच दिसते. हे काम तसेच. फरक इतकाच की आमच्या खात्यात घामाने अंग निथळते आणि त्यांच्या खिडकीबाहेर बर्फ साचलेला.

आणि हे एका दमात झाले नाही. नाव कुणाचे मोठे लागावे यावरून तिथले प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले आणि १९१२ मध्ये धर्मानंद काम टाकून परतले. राबणारा एक आणि शिक्का दुसऱ्याचा, हे कामगाराला समजावून सांगावे लागत नाही. परत आले ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागले, आणि त्या वर्गातून पु. वि. बापट यांच्यासारखे पालीचे मोठे अभ्यासक तयार झाले. १९१८ मध्ये पुन्हा बोलावणे आले, पुन्हा गेले, चार वर्षे राहिले. १९२६ मध्ये परत. शेवटचे १९३१-३२ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. एकाच ग्रंथासाठी चार वेळा समुद्र ओलांडला! आणि हार्वर्डची ती आवृत्ती छापून बाहेर आली १९५० साली. धर्मानंद त्याच्या तीन वर्षे आधी, जून १९४७ मध्ये, सेवाग्रामला गेले होते. पण त्यांनी वाट बघत बसणे सोडले होते. १९४० मध्येच आपली देवनागरी आवृत्ती मुंबईत छापून घेतली, ती इथल्या मुलांना वाचता यावी म्हणून.

मधल्या काळात, १९२९ साली, ते रशियात लेनिनग्राडला पाली शिकवायला गेले. तिथे श्चेर्बात्स्की नावाचे बौद्ध दर्शनाचे गाढे पंडित होते, त्यांच्या पुढाकाराने १९२८ मध्ये बौद्ध संस्कृतीची एक संस्थाच निघाली होती. हे शहर इतके उत्तरेला की डिसेंबरात सूर्य जेमतेम सहा तास दिसतो आणि नेवा नदी गोठून तिच्यावरून माणसे चालतात. आपल्याकडे पारा नऊ-दहावर आला की गल्लीच्या तोंडाला शेकोट्या पेटतात आणि माकडटोप्या निघतात. तिथे शून्याच्या खाली वीस अंश म्हटले तरी कुणी दचकत नाही. शिवाय त्या वर्षी पाव कार्डावर मिळत होता.

एक गंमत सांगतो, कामगारांना आवडेल. त्याच १९२९ मध्ये रशियाने रविवार रद्द केला. यंत्र एक दिवसही थांबू नये म्हणून कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येकाला पाचवा दिवस सुट्टीचा, पण वेगवेगळा. नवऱ्याची सुट्टी सोमवारी तर बायकोची बुधवारी. लोक वैतागले. आमच्या लाल बावट्याच्या मित्रांनी सभेत रशियाचे पुष्कळ सांगितले, हे कधी सांगितले नाही. आणि पुढचेही नाही. त्याच शहरात १९१५ मध्ये बांधून झालेले एक देखणे बौद्ध मंदिर आहे. ते उभारणारे अग्वान दोर्जिएव १९३८ मध्ये कैदेत वारले, बौद्ध अभ्यासकांपैकी काहींना १९३७ मध्ये गोळ्या घातल्या, मंदिर बंद झाले. बौद्धांना ते परत मिळाले १९९० मध्ये. म्हणजे धर्मानंद तिथे शिकवत होते तो दिवा विझण्याआधीचा थोडका वेळ होता. १९३० मध्ये ते इथे मिठाच्या सत्याग्रहात उतरले होते, त्यात तुरुंगही पाहिला.

आता एक गोष्ट आम्हाला सांगितलीच पाहिजे, कारण समोर बायाबापड्या बसल्या आहेत. धर्मानंद घर सोडून गेले तेव्हा थोरली मुलगी माणिक तान्ही होती. १९१८ च्या सफरीत त्यांनी माणिकला आणि मुलगा दामोदरला बरोबर नेले, दोघेही तिकडे शिकली. हेच दामोदर पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगात गाजले. पण पत्नी बाळाबाई मागे राहिल्या. अशा किती वर्षे! आपण जाणाऱ्याच्या गोष्टी सांगतो, हार त्याच्या तसबिरीला घालतो. जी मागे राहून भाकरी थापते, पोरांचा ताप काढते, सासरच्यांचे बोलणे ऐकते, तिचे नाव स्मरणिकेत येत नाही. पाळीवर जाताना आमच्याही घरात हेच चालले. म्हणून आज या विहारात बाळाबाईंचे नाव मुद्दाम मोठ्याने घेतो.

थंडीतून हा माणूस शेवटी आला कुठे? तर परळला. १९३७ मध्ये मुंबईच्या गिरणगावात 'बहुजन विहार' उभा राहिला, कामगारांसाठी. पैसा बिर्लांचा होता, यावर तुम्ही नाक मुरडाल, मुरडा. पण हार्वर्ड आणि लेनिनग्राड पाहिलेला साठीचा माणूस भोंग्याच्या आवाजात, तुमच्या-आमच्यासारख्यांच्या चाळींमध्ये येऊन बसला, हे खरे.

म्हातारपणी कसले परदेश, कसला प्रचार, असे कोणी म्हणेल. मग सुत्तनिपातातला पारायण वग्ग उघडा. गोदावरीच्या काठच्या बावरी ब्राह्मणाने १६ शिष्य बुद्धाकडे पाठवले. त्यांच्या वाटेवर आरंभीच नाव येते ते पतिट्ठानाचे, म्हणजे आपल्या पैठणचे. इथून तासा-दीड तासाची एसटी! त्या सोळांत पिंगिय नावाचा होता, जर्जर, नजर गेलेली, कान मंदावलेले. तोच परत येऊन बावरीला सगळे सांगतो. त्या सुत्तनिपाताचे मराठी भाषांतर कोसंबींनी केलेले आहे. म्हातारा प्रचारक आपल्याच जिल्ह्याच्या वाटेने गेला होता, हे आम्हाला कळले ते त्यांच्यामुळे.

आणि आता हा विषय पुस्तकातला राहिलेला नाही. आपल्याच वस्तीतले निवृत्त आईवडील आज नातवंडे सांभाळायला कॅनडाला, जर्मनीला सहा-सहा महिने जाऊन राहतात. बाहेर बर्फ, दिवसभर घरात, बोलायला कोणी नाही. एक ताई परत आल्यावर सांगत होत्या, "भाऊ, रविवारी मुलाच्या घरी चार कुटुंबे जमतात. वंदना मीच घेते. पण नातू विचारतो, आजी, सब्बे सत्ता म्हणजे काय? तिथे माझी बोलती बंद होते."

त्याचे उत्तर 'सगळे प्राणी', एवढे सोपे आहे. आणि ते या विहारात शिकता आले असते. पाली वर्ग इथे दोनदा सुरू झाला आणि दोनदा बंद पडला. शिकवणारे मिळाले तेव्हा बसणारे नव्हते, बसणारे मिळाले तेव्हा खोलीत मंडपाचे बांबू आणि जुने भोंगे रचलेले होते. बाबासाहेबांनी १९५० मध्ये महाबोधी सभेच्या मासिकातल्या लेखात भिक्षूंनी समाजात उतरून काम करावे असे लिहिले. भिक्षू किती पुरणार? ज्याला वंदना पाठ आहे त्याला तिचा अर्थ यायला नको का?

समितीपुढे यंदा दोन कामे आहेत, सभागृहाला संगमरवरी फरशी आणि मागची खोली. आम्ही जाहीर सांगतो, फरशी पुढच्या वर्षी करा. खोली रिकामी करा, एक फळा लावा, वीस आसने टाका. रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ. पन्नाशीच्या पुढचे आणि बाया आधी, पोरे आपोआप येतील. नावनोंदणीची वही आम्ही आणलेली आहे, दाराशी टेबलावर ठेवली आहे, पेन बांधून ठेवला आहे कारण मागच्या वेळी पेन गेला. पहिले नाव आमचे, दुसरे आमच्या घरातल्या बाईचे. तिने स्वतः लिहिले आहे.