शाळेच्या उंबरठ्यापर्यंतची वाट

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी-पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



शाळेच्या साठ वर्षांच्या वाटचालीचा गौरव आज अनेक वक्त्यांनी केला. मी ‘वाटचाल’ या शब्दाचा केवळ वाच्यार्थ आपल्यापुढे ठेवणार आहे.

मागील महिन्यात आपली एक माजी विद्यार्थिनी महोत्सवाच्या कामासाठी शाळेत आली. अपघातानंतर ती चाकांच्या खुर्चीवर असते. रिक्षा मुख्य रस्त्यावर थांबली. तेथून आपले फाटक दोनशे पावलांवर. पदपथ आहे, पण त्यावर चढायला उतार नाही, मध्येच विजेचा खांब आहे आणि उरलेल्या जागेत दुचाक्या उभ्या होत्या. ती भर रहदारीतून आली. पुढे आपल्या पाच पायऱ्या. दोघा शिपायांनी तिला खुर्चीसह उचलून आत आणले. मला त्यात सौजन्य दिसले. निघताना ती म्हणाली, “बाई, याच पायऱ्या मी एका दमात चढत असे. आज मला उचलून आणलंत, पण मला माझी मी यायचं होतं.”

तिच्या बोलण्याने मला एक जुनी गोष्ट आठवली. ती आज सर्वांसमक्ष सांगणे मी माझे कर्तव्य समजते. चार वर्षांपूर्वी पायाला कॅलिपर असलेल्या एका मुलाच्या प्रवेशासाठी त्याचे आईवडील आले होते. ‘वर्ग वरच्या मजल्यावर आहेत’ असे सांगून मी त्यांना दुसरी शाळा सुचवली. वर्ग खाली आणता आला असता. ते मला सुचलेच नाही. माझ्या मनात दुष्टावा नव्हता, पण त्या मुलाची वाट मीच अडवली.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा मान्यताप्राप्त शाळांची इमारत व आवार सुगम असावे असे सांगतो. रस्त्यांबाबतही त्यात तरतूद आहे. किमान निकष ऐच्छिक नव्हे, बंधनकारक असले पाहिजेत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांगांची नोंद झाली. गुडघे दुखणारे आजी-आजोबा, गरोदर माता, पाय प्लास्टरमध्ये असलेला खेळाडू यांची गणना त्यात नाही. वाट त्यांचीही अडते.

आपण बडोद्यात राहतो. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीचे प्राथमिक शिक्षण संस्थानभर लागू केले. त्या नगरीत एखादे मूल पाच पायऱ्यांपायी शाळेबाहेर राहावे, हे आपल्याला शोभत नाही.

म्हणून तीन विनंत्या करते. पहिली विश्वस्तांना. महोत्सव निधीतून शोभिवंत कमान उभारण्याचा प्रस्ताव आहे. त्याआधी उतरंड बांधावी. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असे त्याचे प्रमाण असते. आपल्या पायऱ्यांची उंची अडीच फूट, म्हणजे तीस फूट लांबी लागेल. एक वळण घेतले तर दर्शनी अंगणात ती बसते. मी स्वतः टेप लावून पाहिले आहे.

दुसरी विनंती पालकांना. शाळा सुटण्याच्या वेळी पदपथावर उभ्या असलेल्या दुचाक्या बहुतांशी आपल्याच असतात. पाच मिनिटांसाठी का होईना, तेवढ्या वेळात कोणाला तरी रस्त्यावर उतरावे लागते.

तिसरी विनंती अभियंते व वकील झालेल्या माझ्या विद्यार्थ्यांना. पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची १५ सेंटीमीटरपेक्षा अधिक नसावी, असे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. त्या दोनशे पावलांची मोजणी करा आणि नकाशासह रीतसर अर्ज तयार करा. त्यावर पहिली सही मी करीन.

माझ्याकडून एक वचन देते. येत्या जूनपासून ज्या वर्गात चालण्याची अडचण असलेले मूल असेल, तो वर्ग तळमजल्यावर भरेल. त्यासाठी माझे कार्यालय वर न्यावे लागले तरी चालेल; मला अजून पायऱ्या चढता येतात.